आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला काय?

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने यंदा "विषय वैद्यकीयच असावा असा आग्रह नाही" अशी सवलत दिली आहे. तिचा लाभ घेऊन मी मोटारीच्या इंजिनातील तेलाच्या फिल्टरविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहे. मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ; यंत्रशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. परंतु बालाघाटसारख्या ठिकाणी राहून लांजी, कटंगी, वारासिवनी, बैहर अशा गावी बोलावणे येईल तेव्हा धावणाऱ्या आपणा मंडळींच्या दृष्टीने गाडी ही चैनीची वस्तू नसून रक्तदाबमापकाइतकेच व्यवसायाचे साधन आहे. आणि या साधनात चाळीस-पन्नास हजार रुपयांचे नुकसान व त्याहून मोठा जिवाचा घोर ज्या एका स्वस्त डब्यामुळे होऊ शकतो, त्याची ओळख आपणांपैकी फार थोड्यांना असते. मलाही नव्हती.

ऑगस्ट २००७ मधील गोष्ट. माझ्यापाशी त्या वेळी जुनी विकत घेतलेली एक परदेशी बनावटीची पेट्रोल मोटार होती. तिच्या निर्मात्याने भारतातील आपला पसारा आवरता घेतला होता, त्यामुळे सुटे भाग मिळण्याची मारामार. तेल बदलण्याची वेळ आली तेव्हा मूळ फिल्टर गावात नव्हता, गोंदियालाही नव्हता. नागपूरहून मागवायचा तर आठ दिवस लागणार होते. मिस्त्रीने दुसऱ्या एका गाडीचा, दिसायला अगदी तसाच फिल्टर आणला, फिरवून बसवला, हाताने आवळला आणि समाधानाने म्हणाला, "साब, चूड़ी बैठ गई, समझो काम हो गया." मलाही ते पटले. आटे बसले, तेल गळत नाही, दिवा विझला. आणखी काय हवे?

चौथ्या दिवशी रात्री अकराच्या सुमारास बैहरकडील एका प्रसूतिगृहातून तातडीच्या सिझेरियनसाठी फोन आला. पाऊस पडत होता. गांगुलपाऱ्याच्या पुढे घाट चढताना मी इंजिन बराच वेळ जोरात फिरवीत होतो. एका वळणावर तेलाचा लाल दिवा लागला. जंगलात, काळोखात, पावसात गाडी कुठे थांबवायची, जरा सपाटी येऊ दे, असा विचार करून मी तशीच आणखी दीडेक किलोमीटर दामटली. मग इंजिनातून ठोके ऐकू आले आणि गाडी बंद पडली ती पुन्हा जागची हलली नाही. उकव्याच्या खाणीकडे रिकामा जाणारा एक ट्रक देवासारखा भेटला, उकव्याहून पुढे कुणाची तरी जीप मिळाली, आणि मी दीड तास उशिरा पोहोचलो. बाळ जन्मतः मलूल होते, त्याला रडवायला आम्हांला बरीच मिनिटे लागली. पुढे ते सावरले. आईही सुखरूप राहिली. परंतु शल्यक्रियागृहाच्या दारात हात धुऊन वाट पाहत उभ्या असलेल्या सहकाऱ्याची ती नजर मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली तेव्हा इंजिनाखाली तेलाचा थेंब नव्हता आणि फिल्टर आपल्या जागी तिरका लोंबत होता. मिस्त्रीला दोष देण्यात अर्थ नव्हता. तो प्रामाणिक माणूस होता आणि तसाच फिल्टर त्याने दुसऱ्या गाडीला बसवल्याचे तो शपथेवर सांगत होता. मी तो फिल्टर घरी आणला, व्हर्नियरने मोजला, आणि मग पुढले कित्येक महिने जे वाचले, विचारले, कापून पाहिले त्याचे सार येथे मांडीत आहे.

प्रथम या डब्याचे काम काय ते पाहू. इंजिनाच्या तळाशी तेलाचे जे पात्र असते, ज्याला आपले मिस्त्री चेंबर म्हणतात, त्यात लहान गाडीत साधारण तीन ते चार लिटर तेल असते. पंप ते शोषून दाबाने फिल्टरमध्ये ढकलतो, आणि फिल्टरमधून निघालेले तेल मुख्य नलिकेतून क्रँकशाफ्टच्या, कॅमशाफ्टच्या बेअरिंगपर्यंत पोहोचते. गाडी वेगात असताना सगळेच्या सगळे तेल मिनिटाला अनेकदा या वाटेने फिरते. प्रौढ माणसाचे पाच लिटर रक्त मिनिटाला एकदा हृदयातून जाते, तर इथे चक्र त्याहून वेगवान. यावरून ध्यानात येईल की या मुख्य वाटेवर छिद्र पडले तर चेंबर रिकामे व्हायला किती वेळ लागेल. महाधमनी फुटल्यावर जेवढा लागतो तेवढाच.

बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो त्याची जाडी काही ठिकाणी अवघी काही मायक्रॉन असते. आपली तांबडी रक्तपेशी सात ते आठ मायक्रॉनची, केस सुमारे सत्तर मायक्रॉनचा. म्हणजे तांबड्या पेशीएवढा कठीण कण त्या थरात शिरला तर तो दोन्ही पृष्ठभागांना ओरखडे काढीत जाणार. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे, म्हणजे गारगोटीच्या जातीचे, अतिसूक्ष्म कण असतात आणि ते बेअरिंगच्या मऊ मिश्रधातूपेक्षा कितीतरी कठीण असतात. भरवेली, उकवा, मलाजखंड या खाणींकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रकांच्या मागून गाडी चालवणाऱ्यास ही धूळ वेगळी सांगायला नको. येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो: ही धूळ तेलात शिरते ती मुख्यतः हवेच्या फिल्टरमधून. त्याकडे दुर्लक्ष करून तेलाच्या फिल्टरची चिंता करणे म्हणजे उघड्या गटारापाशी बसून पाणी उकळून पिण्यासारखे आहे.

सुरुवातीच्या मोटारींना तेलाचा खरा फिल्टर नव्हताच. तारेची जाळी असे, एवढेच. अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग या दोघा अमेरिकनांनी १९२३ च्या सुमारास पहिला व्यवहार्य फिल्टर बनवला आणि त्याला 'प्युरोलेटर' हे नाव दिले. परंतु आरंभीचे हे फिल्टर सगळे तेल गाळीत नसत. पंपाने उचललेल्या तेलाचा थोडा अंश बाजूच्या नळीने फिल्टरमध्ये जाई, गाळला जाई आणि परत चेंबरमध्ये पडे. बेअरिंगकडे जाणारे तेल न गाळताच जाई. आपल्या जुन्या विलीज जीपच्या इंजिनाशेजारी दोन नळ्या जोडलेले जे नळकांडे दिसे ते याच जातीचे. आपल्या भाषेत सांगायचे तर ते मूत्रपिंडासारखे: हृदयाच्या क्षेपणाचा पाचवा हिस्सा घ्यावा, स्वच्छ करावा, परत प्रवाहात सोडावा. त्या फिल्टरची नळी तुंबली तरी इंजिन तत्काळ मरत नसे. नंतरच्या इंजिनांत सर्व तेल फिल्टरमधूनच जाऊ लागले. हा फिल्टर फुप्फुसांसारखा. एकूण एक थेंब त्यातून गेल्यावाचून पुढे जात नाही. जुन्या जीपच्या जमान्यात शिकलेल्या पिढीत 'फिल्टर कुठलाही चालतो' ही समजूत रुजली असावी ती त्या पहिल्या प्रकारामुळे, असा माझा तर्क आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे आट्यांकडे, येतो. फिरवून बसवायच्या डबाबंद फिल्टरच्या मध्यभागी आटे पाडलेले भोक असते आणि इंजिनावर आटे असलेली पोकळ नळी. जगभरात यांची मापे मोजकीच आहेत. मारुती-सुझुकी, होंडा, ह्युंदाई यांच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांवर २० मिलिमीटर व्यासाचे आणि दीड मिलिमीटर अंतराचे आटे असतात. टोयोटा, फोक्सवॅगन यांच्या अनेक इंजिनांवर इंचमापाचे, म्हणजे पाऊण इंच व्यासाचे आणि इंचाला सोळा आटे असलेले. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, आणि सोळा आट्यांचे अंतर म्हणजे १.५९ मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना हा फरक दिसत नाही. हातालाही सहजी कळत नाही.

इंचमापाचा फिल्टर २० मिलिमीटरच्या नळीवर चढवू पाहिला तर तो चढतच नाही. ही चूक निरुपद्रवी. उलट चूक मात्र घातक, आणि माझ्या गाडीत तीच झाली होती: नळी पाऊण इंची, फिल्टर २० मिलिमीटरचा. या फिल्टरच्या भोकाचा आतला, म्हणजे आट्यांच्या टोकांमधला, व्यास सुमारे १८.३८ मिलिमीटर असतो. १९.०५ च्या नळीवर तो बसतो, पण दोहोंच्या आट्यांची एकमेकांतील पकड प्रत्येक बाजूस जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर राहते. योग्य फिल्टर असता तर ती पाऊण मिलिमीटरहून अधिक असती. बरे, आट्यांचे अंतर निराळे आहे तर फिरवताना अडकत कसे नाही? कारण प्रत्येक फेरीमागे फरक पडतो एक दशांश मिलिमीटरहूनही कमी. पाच-सहा फेऱ्यांत तो अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जातो, आणि सैल बसलेल्या आट्यांतील मोकळीक तेवढी असतेच. म्हणून फिल्टर गुळगुळीत फिरतो, रबरी कडे टेकते, हाताने आवळल्यावर घट्टही लागतो. भार मात्र सगळ्या आट्यांवर न पडता एखाद-दुसऱ्याच आट्याच्या निमुळत्या टोकावर पडलेला असतो.

त्या टोकावर किती भार येतो तेही पाहू. फिल्टरच्या रबरी कड्याचा व्यास ६२ मिलिमीटर धरला तर आतले क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस सेंटिमीटर होते. इंजिन वेगात असताना तेलाचा दाब चार बारपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे फिल्टरला इंजिनापासून दूर लोटणारे बल सुमारे १२० किलो. सव्वा क्विंटलच्या जवळपासचे ओझे आपण आट्यांच्या टोकांवर टांगून घाट चढत असतो. गावातल्या गावात, मंद वेगात, दाब कमी असताना हे प्रकरण चार दिवस टिकले. घाटात टिकले नाही. काढलेल्या फिल्टरच्या भोकातून धातूची केसासारखी बारीक वेटोळी निघाली, ती सोललेल्या आट्यांची होती.

माझ्या भूलतज्ज्ञ मित्रांना येथे काही आठवले असेल. बॉइल्सच्या यंत्रावर ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी २ आणि ५ क्रमांकांच्या जागी खुंट्या असतात, नायट्रस ऑक्साइडसाठी ३ आणि ५. चुकीचे सिलिंडर बसूच नये अशी ती रचना. याउलट ल्युअर जोड पाहा. शिरेतील नळी, मज्जारज्जूजवळची नळी, पोटात जाणारी नळी या सर्वांना एकच जोड बसे, आणि या 'बसण्या'नेच जगभर रोग्यांचे प्राण गेले. म्हणून प्रत्येक मार्गासाठी वेगळा, दुसऱ्याला न बसणारा जोड ठरवणारी आयएसओ ८०३६९ ही मानके आणावी लागली. फिल्टरच्या जगात खुंट्यांची व्यवस्था नाही. तिथे अद्याप ल्युअरचेच राज्य आहे.

आटे जुळले असे धरून पुढे जाऊ. मग पाहायचे ते रबरी कडे. त्याचा व्यास इंजिनावरील सपाट, घासलेल्या गोल पट्टीच्या मध्यावर यायला हवा. कडे थोडे लहान किंवा मोठे असले तर ते पट्टीच्या काठावर टेकते, काही दिवस तग धरते आणि इंजिन तापून-निवून रबर कठीण झाले की एका बाजूने बाहेर ढकलले जाते. यातच एक जुनी, दर वर्षी कुठे ना कुठे घडणारी चूक सांगून ठेवतो. जुना फिल्टर काढताना त्याचे कडे इंजिनालाच चिकटून राहते, अंधारात दिसत नाही, आणि नवा फिल्टर त्यावरच आवळला जातो. एकावर एक अशी दोन कडी दाब सोसत नाहीत. ही चूक अस्सल कंपनीच्या फिल्टरनेही होते.

बाहेरून न दिसणारे दोन पडदे डब्याच्या आत असतात, आणि पर्यायी फिल्टर निवडताना खरी फसगत तिथे होते. पंपाकडून येणारे तेल डब्याच्या तोंडावरील छोट्या छिद्रांच्या वर्तुळातून आत शिरते, कागदातून गाळले जाऊन मधल्या भोकाने बाहेर पडते. छिद्रांच्या वर्तुळावर आतून एक रबरी चकती असते. इंजिन बंद झाल्यावर तेलाने उलट वाहून चेंबरमध्ये परतू नये, यासाठी ती झडप. ज्या इंजिनात फिल्टर तोंड वर करून उभा बसतो तिथे ही झडप नसली तरी फारसे बिघडत नाही. कारण तेल पेल्यात राहावे तसे डब्यात राहते. पण फिल्टर आडवा किंवा उलटा असेल तर झडपेवाचून तो रात्रभरात रिकामा होतो. सकाळी गाडी चालू केली की डबा भरेपर्यंत दोन-चार सेकंद बेअरिंगना दाबाचे तेल मिळत नाही, वरून टकटक आवाज येतो. एका सकाळी काही होत नाही. परंतु दिवसातून आठ वेळा गाडी चालू-बंद करणाऱ्या डॉक्टरच्या इंजिनाची झीज त्या सेकंदांची बेरीज असते. स्वस्त फिल्टरमध्ये ही चकती साध्या रबराची असते आणि उष्णतेने लाकडासारखी ताठ होते, चांगल्यात सिलिकॉनची.

दुसरा पडदा म्हणजे बगल-झडप. कागद मळाने भरला, किंवा थंडीत तेल घट्ट झाले, की कागदाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबात तफावत वाढते. ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की ही झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाऊ देते. मळके तेल मिळणे हे तेल मुळीच न मिळण्यापेक्षा बरे, हा त्यामागील विचार. हृदयातील अंडाकृती छिद्र पुरते बुजलेले नसले तर फुप्फुसातील दाब वाढताच काय होते ते आपण जाणतो: न गाळलेले रक्त थेट डावीकडे आणि गुठळी मेंदूत. त्यामुळे ही झडप नेमक्या किती दाबाला उघडावी याला महत्त्व आहे. निरनिराळ्या इंजिनांसाठी हा आकडा साधारण अर्ध्या बारपासून दीड-दोन बारपर्यंत असतो. लवकर उघडणारी झडप असलेला फिल्टर चुकीच्या इंजिनावर लावला तर डिसेंबरच्या पहाटे, २०डब्ल्यू-५० सारख्या जाड तेलात, इंजिन बराच वेळ न गाळलेल्या तेलावर चालते. उशिरा उघडणारी असेल तर कागदाची घडी दाबाने चिरडते. आणि काही इंजिनांत ही झडप फिल्टरमध्ये नसून इंजिनाच्या ठोकळ्यातच असते. त्यांचे फिल्टर बिनझडपेचे बनवतात. असा फिल्टर दुसऱ्या इंजिनाला आटे जुळतात म्हणून लावला तर झडप कुठेच उरत नाही. फिल्टर बाहेरून तोच, रंग तोच, कडे तेच.

गाळण्याच्या बारकाईविषयी जाहिराती फार बोलतात, म्हणून थोडे सांगतो. डब्यावर नुसते '२० मायक्रॉन' लिहिलेले असणे म्हणजे रोग्याच्या कागदावर नुसते 'ताप' लिहिण्यासारखे आहे. त्या आकाराचे किती कण अडतात हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. त्यासाठी बीटा नावाचे गुणोत्तर वापरतात: फिल्टरच्या अलीकडे मोजलेले कण भागिले पलीकडे मोजलेले. बीटा २ म्हणजे निम्मे कण अडले, २० म्हणजे ९५ टक्के, ७५ म्हणजे ९८.७ टक्के. दोन फिल्टर '२० मायक्रॉन'चेच, परंतु एकाचा बीटा २ आणि दुसऱ्याचा ७५, असे खुशाल असू शकते. शिवाय अधिक बारीक तो अधिक चांगला हेही खरे नाही. जाळी बारीक आणि कागदाचे क्षेत्रफळ तेवढेच ठेवले तर फिल्टर लवकर तुंबतो, बगल-झडप वारंवार उघडते आणि बारीक गाळण्याचा हेतूच फसतो.

इतके वाचून कुणाला वाटेल की निर्मात्याने नेमून दिलेला सोडून दुसरा फिल्टर लावणे हे पातकच आहे. तसे मी म्हणत नाही. समजून केलेला बदल आणि अंदाजाने केलेला बदल यांत अंतर आहे, आणि पहिल्याचे उत्तम उदाहरण आपल्या अ‍ॅम्बॅसडर गाडीचे आहे. आपल्या ज्येष्ठ सभासदांपैकी कित्येकांनी आयुष्यभर तीच चालवली. तिचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन हे ब्रिटिश मोटार कॉर्पोरेशनच्या बी-घराण्यातले. त्याला डबाबंद फिल्टर नव्हता. लोखंडी वाडगा, त्याच्या आत बदलायचा गाळप-गाभा, आणि मधोमध एक लांब बोल्ट. तेल बदलताना वाडगा काढायचा, घासलेटने धुवायचा, खाचेत रुतलेले जुने रबरी कडे सुईने उकरून नवे बसवायचे आणि सारे एकाच वेळी सरळ धरून बोल्ट आवळायचा. कडे किंचित वाकडे बसले की गळती. त्यामुळे जगभर या घराण्याची इंजिने बाळगणाऱ्यांनी एक उपाय काढला: वाडग्याच्या जागी एक जोडपट्टी बसवायची आणि तिच्यावर फिरवून लावायचा डबाबंद फिल्टर. याच घराण्याचे इंजिन असलेल्या एमजीबी मोटारीला तर पुढे निर्मात्यानेच डबाबंद फिल्टर दिला. हा बदल अप्रमाणित खरा, पण त्यात आट्यांचे माप ठाऊक असते, कड्याची बैठक घडवलेली असते आणि उलटे वाहणे रोखणारी झडप लागेल की नाही याचा विचार केलेला असतो. अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. ज्यांच्या दारात ती अजून आहे त्यांना हा मार्ग आजही उपयोगी पडेल. मात्र जोडपट्टी चांगल्या यंत्रशाळेत बनलेली असावी.

आटे, कडे आणि झडपा तंतोतंत जुळत असून डबा तेवढा अधिक उंच, असाही पर्याय पुष्कळांना मोहवतो. त्याला माझा तात्त्विक विरोध नाही. कागद अधिक मिळतो, तेल पाव-अर्धा पेला जास्त लागते. पण डबा खाली लोंबत असेल तर आपल्या आतल्या रस्त्यांवरचा एक धोंडा पुरेसा आहे. उलट, आखूड डबा लावू नये. त्यात कागद कमी असतो.

मग अडचणीच्या वेळी करावे काय? फिल्टर बनवणाऱ्या नामांकित कंपन्या समतुल्य क्रमांकांचे कोष्टक प्रसिद्ध करतात; कुठल्या गाडीच्या कुठल्या इंजिनाला त्यांचा कुठला फिल्टर, हे त्यात दिलेले असते आणि पुष्कळदा आटे, कड्याचा व्यास, बगल-झडपेचा दाबही. दुकानदाराच्या स्मरणशक्तीपेक्षा या कोष्टकावर भिस्त ठेवावी. गाडीचे नाव पुरेसे नसते; एकाच नावाच्या गाडीत पेट्रोलची दोन आणि डिझेलचे एक अशी निराळी इंजिने असतात, म्हणून इंजिनाचा प्रकार व वर्ष सांगावे. आता फिल्टर घरपोच मागवता येतात, त्यामुळे २००७ मधली माझी सबब आज उरलेली नाही. परंतु अपरिचित विक्रेत्याकडून आलेला अस्सल दिसणारा खोका नकलीही असू शकतो. नव्या इंजिनांपैकी पुष्कळांत डबा नसून प्लॅस्टिकच्या घरात बसणारा नुसता कागदी गाभा असतो. त्यात उंची किंवा टोकाची चकती थोडी चुकली तर तेल गाळपाला वळसा घालून कडेने निघून जाते आणि बाहेर कसलेच लक्षण दिसत नाही. तिथे पर्यायाच्या वाटेला मी जात नाही. वॉरंटीतील गाडीबाबतही तेच.

नवा फिल्टर बसवताना मी आता स्वतः उभा राहतो. जुना आणि नवा तोंडाला तोंड लावून कड्यांचे व्यास ताडून पाहतो. नवा फिल्टर कोरडाच नळीवर चार फेऱ्या चढवतो आणि कडे टेकण्यापूर्वी त्याला धरून हलवतो; योग्य आट्यांवर तो किंचित हलतो, चुकीच्यांवर सैल दातासारखा डुगडुगतो. ही एक परीक्षा त्या वेळी ठाऊक असती तर घाटातली ती रात्र टळली असती. मग जुने कडे इंजिनाला चिकटलेले नाही ना ते बोटाने चाचपतो, नव्या कड्याला तेलाचे बोट लावतो, आणि कडे टेकल्यावर हातानेच सुमारे पाऊण फेरी आवळू देतो. पाना लावू देत नाही.

दिव्याविषयी एक शब्द. तेलाचा दिवा विझला म्हणजे दाब ठीक, असा समज मिस्त्रींप्रमाणे आपणांतही आहे. वास्तविक तो दिवा अर्ध्या बारच्या आतबाहेर दाब आला की विझतो, आणि धावत्या इंजिनाला तीन-चार बार लागतात. मानेतील नाडी हाताला लागली एवढ्यावरून रक्तदाब ठीक असल्याचे आपण कधी लिहीत नाही. आणि दिवा धावत्या गाडीत लागला तर ती पूर्वसूचना नसते. तेव्हा दाब बुडालेलाच असतो. इंजिन त्याच क्षणी बंद करायचे, मग जंगल असो की पाऊस. माझे इंजिन फिल्टरने अर्धे मारले, उरलेले मी त्या दीड किलोमीटरात मारले. तेलाचा दिवा लागताच थांबलो असतो तर कदाचित फिल्टर आणि चार लिटर तेल, एवढ्यावर भागले असते; क्रँकशाफ्ट नागपूरला घासायला पाठवावा लागला नसता.

बसवून झाल्यावर इंजिन दोन मिनिटे मंद चालवून खाली टॉर्चने पाहावे, मग थोडा वेळ वेग वाढवून पुन्हा पाहावे, कारण गळती दाबाखालीच उघडी पडते. बंद करून पाच मिनिटांनी तेलाची पट्टी पाहावी. नवा डबा भरल्याने पातळी थोडी उतरलेली असते, तेवढे तेल घालावे. गावातच चाळीस-पन्नास किलोमीटर होऊ द्यावेत, पुन्हा एकदा कड्याभोवती बोट फिरवून कोरडे आहे याची खात्री करावी, आणि पट्टीवरील तेलाची खूण जिथल्या तिथे असली तर मग बैहरचा घाट चढायला हरकत नाही.